डावखुरा शंख

आमच्या देव्हाऱ्यात एक शाळिग्राम आहे. आजोबांच्याही आधीपासूनचा. वर्षभर तो तांब्याच्या ताम्हणात तुळशीपत्राखाली दडलेला असतो आणि तुळशीच्या लग्नाला, म्हणजे आम्हां गोंयकारांच्या व्हडल्या दिवाळीला, बाहेर येतो. वृंदावनात ऊस आणि दिंड्याची काठी रोवायची, चिंचा-आवळे बांधायचे, अंतरपाट धरायचा, आणि या काळ्या गुळगुळीत धोंड्याला नवरदेव म्हणून उभा करायचा. लहानपणी मला त्या नवऱ्याची कीवच यायची. ना हात, ना पाय, नुसते अंगावरचे एक चक्र.

कॉलेजात प्राणिशास्त्र घेतले तेव्हा कळले की ते चक्र म्हणजे एका प्राण्याचे घर आहे. अमोनाइट नावाचा, माकूल आणि नळ यांच्या गोतातला, शंखात राहणारा समुद्रजीव. हिमालय जिथे आज आहे तिथे तेव्हा समुद्र होता. त्याच्या तळच्या चिखलात हे शंख पुरले गेले, चिखलाचा खडक झाला, खडकाचा डोंगर झाला आणि नेपाळातल्या काळी गंडकीने तो डोंगर कापून शंख पुन्हा मोकळे केले. सुट्टीत घरी आल्यावर मोठ्या उत्साहाने मी हे वडिलांना सांगितले. थोडा आगाऊपणाही होता त्यात. वडील गंध उगाळत होते. ते थांबले नाहीत. म्हणाले, "किती वर्षांपूर्वीचा म्हणालास?"

"पंधरा कोटी."

"मग तर देवच," असे म्हणून त्यांनी शाळिग्रामाला गंध लावले.

वडिलांच्या त्या उत्तरावर माझ्यापाशी तोड नव्हती आणि अजूनही नाही. पण त्या दिवसापासून दगडातल्या शंखशिंपल्यांचे वेड मला लागले, आणि मी निवडलेले गाव या वेडाला अगदीच नालायक निघाले. माझा जन्म पेडण्याचा, तेरेखोल नदीच्या काठचा. नोकरी लागली ती डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात, विज्ञानशिक्षक म्हणून. पेडण्यात शिंपल्यांना तोटा नव्हता. आई तिसऱ्या आणि खुबे निवडायला बसली की मागीलदारी टरफलांचा ढीग पडायचा. कालवांची आणि शिंपल्यांची टरफले भट्टीत भाजून चुना करत, आणि जुन्या घरांच्या भिंती त्या चुन्याने उभ्या राहत. जुन्या गोव्यात खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपले बसवत ते निराळेच. पण हे सगळे आजचे, ओले, रश्शात घालायचे शिंपले. दगडातले नव्हेत. आणि डिचोलीला नुसते दगडच दगड.

डिचोलीचा दगड साधासुधा नाही. भूशास्त्राच्या पुस्तकात आमच्या गावाच्या नावाने खडकांचा एक गट आहे, 'डिचोली फॉर्मेशन'. ज्यात खनिज लोखंड आहे तोच हा गट. लाल-काळ्या पट्ट्यांचे हे खडक अडीचशे कोटी वर्षांहूनही जुने. त्या वेळी समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेले होते. सूक्ष्म जीवांनी सोडलेल्या प्राणवायूने ते गंजून तळाशी बसले, असे मानतात. म्हणजे आमच्या खाणीतून ट्रक भरभरून जो माल बार्जवर गेला तो कोणे एके काळचा समुद्राचा गंज. पण शंख-शिंपले घडवणारे प्राणी पृथ्वीवर आले ते साठ कोटी वर्षांच्या अलीकडे. डिचोलीच्या खडकात शंख शोधणे म्हणजे पणजोबांच्या लग्नाच्या फोटोत नातवाला शोधण्यासारखे. वर्गात हे वाक्य मी दरवर्षी म्हणायचो. मुले हसायची. त्यानंतर मीही त्या खडकात काही शोधले नाही.

१९९४ साली एका शिक्षक-शिबिरासाठी नागपूरला गेलो, तेव्हा स्टीफन हिस्लॉप हे नाव नीट ओळखीचे झाले. हिस्लॉप कॉलेज ऐकून माहीत होते. हा हिस्लॉप कोण, हे कधी विचारले नव्हते. माणूस स्कॉटलंडातल्या डन्स गावचा. ८ सप्टेंबर १८१७ चा जन्म. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी म्हणून १८४५ च्या आरंभी नागपुरास आला, मराठी शिकला आणि १८४६ साली त्याने शाळा काढली. भोसल्यांचे राज्य तेव्हा अजून चालू होते. शाळा चालवणे, मराठीत प्रवचने करणे, कामठीच्या छावणीकडे जाणे-येणे, थंडीच्या दिवसांत खेडोपाडी दौरे, हा त्याचा पोटापाण्याचा आणि परमार्थाचा उद्योग. त्याच्या नावाने कॉलेज झाले ते त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८८३ साली.

पाद्री म्हटल्यावर माझ्या मनात प्रथम अढीच बसली, हे कबूल करतो. आमच्या डिचोलीत नार्व्याला जो सप्तकोटेश्वर आहे तो दिवाडीहून नदी ओलांडून आलेला देव. त्याचे देऊळ १६६८ साली शिवाजी महाराजांनी पुन्हा बांधवले. देव घेऊन रातोरात पळालेल्या माणसांच्या कथा ऐकत वाढलेल्याला पाद्र्याचे कौतुक सहजी करवत नाही. हिस्लॉपलाही मुले ख्रिस्ती करायची होतीच. त्याने ते लपवले नाही. तो वाद मी इथे मिटवू शकत नाही. मला त्याच्याकडे ओढले ते त्याच्या दुसऱ्या उद्योगाने.

१८५० नंतरच्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांतली गोष्ट. हिस्लॉप आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळच्या टाकळीला दगडात गोड्या पाण्यातली गोगलगाय आढळली. टाकळी आता शहरातच आली आहे. नागपूरचा परिसर म्हणजे दख्खनच्या काळ्या कातळाची पूर्वेकडची कड. लाव्हाचा एक लोंढा आला, थिजला. मध्ये काही काळ शांततेत गेला, त्यावर तळी साचली, तळ्यांत गोगलगाई आणि शिंपले नांदले, काठी झाडे उगवली. मग पुढचा लोंढा आला आणि ते सगळे झाकले गेले. त्या तळ्यांचा गाळ दोन कातळांच्या मध्ये दाबला गेला, भाकरीच्या पापुद्र्यांत मीठ राहून जावे तसा. पुष्कळ ठिकाणी तो गारगोटीसारखा कठीण झालेला आहे, आणि शंखांची घडण त्यात जशीच्या तशी उतरली आहे.

या गोगलगायीला शास्त्रात 'फायसा प्रिन्सेपी' म्हणत आले आहेत. तिचे बारसे हिस्लॉपने केलेले नाही. माल्कमसन नावाच्या मद्रासकडच्या लष्करी डॉक्टराने आजच्या तेलंगणातल्या निर्मळकडच्या डोंगरांतून नमुने नेले होते, त्यावरून १८४० साली सॉवर्बीने ते नाव दिले. नागपुरात ओळखीच्या एका प्राध्यापकांनी एक नमुना माझ्या तळहातावर ठेवला. आजच्या डबक्यातल्या तिच्या भाऊबंदांच्या मानाने चांगलीच मोठी. ते म्हणाले, "शेंडा वर धरा. तोंड कुठे आलं?" तोंड डाव्या हाताला आले. बहुतेक शंख असे धरले की तोंड उजवीकडे येते, फायसा डावखुरी. दगडातून अर्धामुर्धा बाहेर आलेला तुकडासुद्धा या एका खुणेने ओळखता येतो.

मला हसू आले, कारण देवघरातला हिशेब नेमका उलटा. पूजेचा शंख आपण टोक खाली आणि नळी वर असा धरून पाहतो, त्यामुळे प्राणिशास्त्र ज्याला डावा म्हणते तोच आपला दुर्मिळ दक्षिणावर्ती. म्हणजे टाकळीच्या तळ्यातली प्रत्येक गोगलगाय दक्षिणावर्ती होती! वडील असते तर त्यांनी तिलाही गंध लावले असते.

हिस्लॉप-हंटरनी नागपूरच्या भूस्तरांवर आणि जीवाश्मांवर मिळून लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. हंटर त्याच सुमारास प्रकृतीमुळे मायदेशी परतला आणि पुढे एका मोठ्या इंग्रजी कोशाचा संपादक झाला. हिस्लॉप मागे राहिला, आणि शाळा सांभाळून दगड फोडत राहिला. १८६० साली त्याने एकट्याने शंखशिंपल्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. नव्या जातींना नावे देताना एका शिंपल्याला हंटरचे नाव दिले, एकाला माल्कमसनचे, आणि एक गोगलगाय नागपूरच्या नावावर केली. जे आपल्याला जमणार नाही ते त्याने त्या-त्या विषयाच्या जाणकारांकडे पाठवले. राईच्या दाण्याएवढे दुपाखी कवच असलेले सिप्रिस नावाचे जलजीव जोन्सने तपासले, भुंगेऱ्यांच्या पंखांचे ठसे अँड्र्यू मरेने. त्यांनी त्यांतल्या काहींना हिस्लॉप-हंटरची नावे लावली, म्हणून आज शास्त्राच्या यादीत एका भुंगेऱ्याच्या नावात हिस्लॉप आहे आणि दुसऱ्याच्या नावात हंटर. आगगाडी नागपूरला पोचली १८६७ साली. तेव्हा या दगडांच्या पेट्या मुंबईपर्यंतचा बराचसा पल्ला बैलगाडीनेच गेल्या असणार. एवढ्या नाजूक पंखांचा ठसा त्या रस्त्याने धड पोचला, याचे मला राहून राहून नवल वाटते. आमच्या शाळेत पणजीहून काचेचे सामान यायचे त्यातले निम्मे फुटलेले असायचे.

या तळ्यांचे वय ठरवताना हिस्लॉप चुकला. त्याने ती डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरच्या युगात घातली. आज ते वय साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे शेवटच्या डायनोसॉरांच्या काळाशी भिडलेले मानतात. पण अशी तळी होती, ती लाव्हाच्या दोन लोंढ्यांच्या मधली होती, आणि त्यांच्यातल्या गोगलगायींवरून दूरदूरचे थर एकमेकांशी जुळवता येतात, हे त्याने पक्के केले. मुंबईत वरळीला, बेळगाव जिल्ह्यात गोकाकच्या बाजूला, अशाच मधल्या गाळाच्या जागा आहेत. वरळीच्या थरातल्या इवल्याशा बेडकाचे वर्णन तर ओवेनने १८४७ सालीच केले होते. आमच्या गोव्यात सत्तरीच्या वर, सुर्ला-चोर्ल्याच्या माथ्यावर या काळ्या कातळाचा एक तुकडा पसरलेला आहे. नागपूरहून परतल्यावर मी तिथे तीन उन्हाळे फिरलो. जळवा नसल्या तरी गोचिड्या भरपूर मिळाल्या. शंख एकही नाही.

हिस्लॉपचा शेवट चटका लावणारा झाला. १८६३ च्या सप्टेंबरात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर तो टाकळघाटची शिलावर्तुळे पाहायला गेला होता. ही टाकळघाट निराळी, नागपूरच्या दक्षिणेची. जवळच बोरीला शाळा होती. ती पाहून संध्याकाळी एकटा घोड्यावरून परतताना पुराच्या नाल्यात तो बुडाला. ४ सप्टेंबर १८६३. सेहेचाळीस वर्षे पुरी व्हायला चार दिवस उरले होते. गोंडांची भाषा, त्यांची लिंगोची गाणी यांवरची त्याची टिपणे घरात पडून होती. ती टेंपलने १८६६ साली छापवली.

दगड पाहायला गेलेला हेडमास्तर शाळा पाहून येताना बुडतो. नागपूरच्या लॉजवर त्या रात्री मी हे एकच वाक्य उलटसुलट घोळवत होतो. कारण पाच वर्षांपूर्वी, १९८९ साली, मी स्वतः मुख्याध्यापक झालो होतो.

मोरजी, हरमल, केरी इथल्या किनाऱ्यांवरून वेचलेल्या शंखशिंपल्यांच्या माझ्या बावीस पेट्या होत्या. औषधाच्या दुकानातून मागून आणलेले खोके, आत कापूस, प्रत्येकावर चिठ्ठी. खुर्चीत बसल्यावर पहिल्याच महिन्यात व्यवस्थापनातले एक गृहस्थ हसत हसत म्हणाले, "सर, आता शिंपले पुरे, अनुदानाचं बघा." ते काही वाईट मनाने म्हणाले नव्हते. पण मला लाज वाटली, आणि त्या लाजेने मी पेट्या माळ्यावर टाकल्या. हिस्लॉपला असे कोणी म्हटले नसेल काय? एवढ्या लांब धर्मकार्याला पाठवलेला माणूस हातोडी घेऊन हिंडतो हे त्याच्या वरिष्ठांना रुचत होते काय? त्याचा रविवार तर प्रार्थनेत जायचा. उरलेल्या सहा दिवसांतच शाळाही बसवायची आणि गोगलगायही. त्याने पेट्या माळ्यावर टाकल्या नाहीत, बैलगाडीत भरल्या.

पण मला त्या रात्री झोप लागली नाही ती पेट्यांमुळे नव्हे.

१९९१ च्या पावसाळ्यात आठवीतला एक मुलगा माझ्या खोलीत आला होता. वडील खाणीवर ट्रकचालक. मुलाचा सदरा ओला, आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला चपटा दगड. उलगडला तर फिकट दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी, बारीक फांद्याफांद्यांची सुबक नक्षी. तो घाईघाईने म्हणाला, "सर, हें झाड फातरांत कशें गेलें?"

वर्गात मराठी, दाराबाहेर कोंकणी, असा आमच्याकडचा रिवाज. आनंद झाला की मुले ही सीमा विसरतात. मी आधी त्याची भाषा सुधारली. मग दगडाकडे पाहिले आणि सांगितले, "हे झाड नव्हे. मँगनीज आहे. आपल्याकडच्या खडकांत जीवाश्म नसतात."

अक्षर न् अक्षर बरोबर होते. दगडाच्या फटीतून मँगनीजचे पाणी झिरपते आणि सुकताना अशी झाडे काढते, भलेभले फसतात. तो मुलगा हलला नाही. "मागीर तें झाडाभशेन कित्याक दिसता?"

हा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा मोठा होता. ओहोटीला खाजनातल्या चिखलावर पाण्याच्या ओहोळांची अशीच फांद्याफांद्यांची नक्षी उमटते, कारण पाणी जिथे जरा पुढे सरकले तिथेच ते आणखी पुढे सरकते. हे त्याला दाखवायला दहा मिनिटे पुरली असती आणि नदी दोन मैलांवर होती. माझ्यापुढे तपासणीची फाइल उघडी होती. "दगड इथे ठेव आणि वर्गात जा," मी म्हणालो. तो गेला. दगड टेबलावर राहिला आणि पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून चांगला उपयोगी पडला. नववीनंतर मुलाने शाळा सोडली. नागपूरच्या त्या रात्री मला पहिल्यांदा आठवले की त्या दिवसानंतर त्याने मला एकही प्रश्न विचारला नव्हता.

परत आल्यावर त्याला शोधावे असे वाटले होते. शोधले नाही. पेट्या मात्र माळ्यावरून खाली काढल्या आणि शनिवारी दुपारी मुलांना घेऊन बसू लागलो, ते निवृत्त होईपर्यंत.

गेल्या वर्षी डिचोलीच्या बाजारात चतुर्थीची माटोळी घेत होतो. पन्नाशीकडे झुकलेल्या एका माणसाने हातातली पिशवी काढून घेतली आणि वाकून नमस्कार केला. नाव सांगितल्यावर ओळखले. बापामागून त्यानेही ट्रक घेतला होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या, हप्ते थकले, ट्रक विकावा लागला. मग मोपाच्या विमानतळाचे काम निघाले तेव्हा तिथे मशीनवर होता. सड्याचा जांभा कापताना आत काय काय दिसते ते तो मला सांगू लागला: कुठे पोकळ्या, कुठे पिवळी माती, कुठे मुळांच्या नळ्या. मी ऐकत राहिलो. त्याने सगळे नीट पाहिले होते. थरांचा क्रमही त्याला तोंडपाठ होता.

निघताना तो म्हणाला, "सर, म्हजो फातर आसा मगो?"

"आसा," मी म्हणालो. कोंकणीतच.

घरी आल्यावर बावीसच्या बावीस पेट्या रिकाम्या केल्या. माळा पाहिला, कपाटे पाहिली. माझ्यानंतरच्या दोन मुख्याध्यापकांना फोन केले. शाळेच्या रंगकामात जुनी टेबले गेली, त्यांच्याबरोबर काय गेले कोणाला ठाऊक? वर्षभर मी जिथे तशी फिकट फटीची शिळा दिसेल तिथे वाकून पाहतो आहे. पाठ कुरकुरते. एक-दोन नक्षीचे दगड मिळालेही, पण त्या दगडातली फांदी डावीकडे वळून वर जायची, ती मला नक्की आठवते. दुसरा दगड त्याच्या हातात ठेवला तर तो क्षणात ओळखील.

यंदाच्या तुळशीच्या लग्नाला त्याला घरी बोलावले आहे. मुलीलाही घेऊन येतो म्हणाला. शाळिग्राम दाखवीन, नागपूरच्या प्राध्यापकांनी दिलेली ती डावखुरी गोगलगाय दाखवीन. दगड हरवला हे मात्र आधी सांगायला हवे, अंतरपाट धरण्याच्या आधी. बाजारात खोटे बोललो तेव्हा कोंकणी आपसूक आली. हे कुठल्या भाषेत सांगावे, ते अजून ठरत नाही.